ऊन पाहावं जाऊन

नागपूरकर माणूस दोन बाबतींत बाहेरच्याचं ऐकून घेत नाही. एक संत्री आणि दुसरं ऊन. पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की तिकडच्या नातेवाइकांचे फोन येतात, "अगं, काय हा उकाडा, जीव नकोसा झालाय." आम्ही "हो ना, जपा बाई" म्हणतो आणि फोन ठेवून हसतो. चाळीस म्हणजे आमच्याकडं एप्रिलमधली बरी दुपार. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि तो आकडा आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. २०२४ च्या मेअखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले. यंत्रात बिघाड होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला. सासूबाईंनी तो आजतागायत स्वीकारलेला नाही. "यंत्र कायले खोटं बोलन? त्या दिवशी गच्चीवर पापड म्या सोता वाळू घातले होते."

अशा घरानं उन्हाळ्यात परदेशी जायचं ठरवलं तर जावं कुठं? जगाची रीत अशी की उन्हाळ्यात माणसानं थंड हवेच्या ठिकाणी जावं. आम्हीही इतकी वर्षं इमानेइतबारे चिखलदरा आणि पचमढीच्या वाऱ्या केल्या. मुलं लहान होती तोवर मक्याचं कणीस आणि घोड्यावरची एक फेरी एवढ्यावर सहल पार पडायची. मग चिरंजीवांना मिसरूड फुटलं आणि दोघांनाही मतं फुटली. चिखलदऱ्याला नेटवर्क नाही, हे पहिलं मत. तिथल्या हॉटेलात गेल्या खेपेला जी पाल होती तीच यंदाही असेल, हे दुसरं.

कन्या सोळाची, चिरंजीव साडेतेराचे. या वयाच्या मुलांना "कुठं जाऊ या?" असं विचारलं की "कुठंही" असं उत्तर येतं. आपण भाबडेपणानं एखादं ठिकाण सुचवलं की कळतं, ते सोडून कुठंही. आमच्या ह्यांनी स्वित्झर्लंड सुचवलं. युंगफ्राऊयोख, ३४५४ मीटर उंची, रेल्वे थेट बर्फात नेऊन सोडते, वगैरे. कन्या म्हणाली, "बाबा, स्वित्झर्लंड क्रिंज आहे. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, आणि त्याच्या बाजूला उभं राहून जगातले सगळे काका-काकू फोटो काढतात." पुतळा खराच आहे, २०१६ साली बसवलेला. ह्यांना त्याच्या बाजूला उभं राहायचं होतं, त्यामुळे ते दोन दिवस फुगून बसले. कन्येला स्वतःला सोल गाठायचं होतं, कारण तिथं सात मुलं राहतात जी गातात. चिरंजीवांचा अर्ज सगळ्यांत साधा होता. माद्रिद, आणि माद्रिदमध्ये सांतियागो बर्नाबेऊ हे स्टेडियम. "आणि बाकीचे दिवस?" "बाकीचे दिवस पण तेच."

शेवटी स्पेन ठरलं ते बहुमतानं नव्हे, चिकाटीनं. चिरंजीव जेवताना, अंघोळीला जाताना, कूलरमध्ये पाणी भरताना बर्नाबेऊ म्हणत राहिले आणि बाकीचे दमले. कन्या चित्रं काढते. माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात पिकासोचं 'गेर्निका' आहे म्हटल्यावर तिनं सोलचा हट्ट पुढच्या वर्षावर ढकलला. मला अल्हाम्ब्रा पाहायचं होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. स्पेन ठरल्यावर मी नकाशा पसरला आणि ग्रनाडा, कोर्दोबा, सेव्हिल अशी तीन टिंबं देऊन टाकली. घरातल्या मोठ्या निर्णयांत बाईनं असंच उतरायचं असतं, मतदान संपल्यावर.

सासूबाई मात्र बधत नव्हत्या. मी थंडी नाही, बर्फ नाही, चढण नाही असं सगळं सांगून पाहिलं. त्या म्हणत, "तुम्ही जा. म्या राह्यते घरी. कूलरमधी पानी कोन टाकन?" मग एके दिवशी चहा घेता घेता मी सहज सांगितलं की सेव्हिलच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी संत्र्यांची झाडं आहेत, हजारोंनी. सासूबाईंचं माहेर वरूडचं. वडिलांची संत्र्याची बाग होती, आणि बागेतल्या माणसाशी संत्र्यावर बोलणं म्हणजे काय ते वरूड-मोर्शी-काटोलकडच्यांनाच कळेल. त्यांनी कप खाली ठेवला.

"रस्त्यावर? मंग तोडून नेत नाही लोकं?"

"कडू असतात ती, आई. कुणी खात नाही. इंग्लंडला जातात, मार्मालेड करायला."

"कडू संत्रा लावला कायले मंग?"

"सावलीसाठी. आणि फुलांच्या वासासाठी."

यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संत्र्याचं झाड फळासाठी नाही, तर सावलीसाठी लावणारी माणसं या पृथ्वीवर आहेत, ही बातमी पचायला त्यांना वेळ लागला. मग बागाइतदाराच्या लेकीचा प्रश्न आला, "बहार कोन्ता?" मी म्हटलं, मार्च-एप्रिलला फुलतं आणि फळं थंडीत काढतात. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हंजे आंबिया. जूनमधी बारकी हिरवी गोटी असन झाडाले. चालते. फळ कोनी बी पाह्यते, पान पाहाले नजर लागते." आणि त्यांनी पासपोर्ट कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं.

आता जूनच का? विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. कारण उघड आहे, ऊनच. सरकारनं आपल्या उन्हाची घेतलेली ही एकमेव दखल, आणि ह्यांनी ती व्यापारी नजरेनं वाचली. मुंबई-पुण्याची पोरं जूनच्या मध्याला दप्तर घेऊन निघाली की विमानाची तिकिटं उतरणार, आणि आपल्याकडं अजून सुट्टी. तिकिटं खरंच उतरली. ती का उतरली याचं दुसरं कारण पुण्याच्या नणंदेच्या यजमानांनी फोनवर सांगितलं. "जूनमध्ये सेव्हिल? वेडेबिडे आहात का? भाजून निघाल."

झालं. पुण्याच्या माणसानं नागपूरच्या माणसाला ऊन शिकवायचं! ह्यांनी त्या रात्री जेवण बाजूला ठेवून तापमानाचे आकडे काढले. स्पेनचा आजवरचा उच्चांक कोर्दोबा प्रांतातल्या ला राम्ब्ला गावचा, १४ ऑगस्ट २०२१ चा, ४७.६ अंश. ह्यांनी आकडा दोनदा वाचला, मग उठून उभे राहिले. "तीन दशांश! तीन दशांशांनी आपण पुढं आहोत!" त्या क्षणी अख्खं स्पेन आमच्या हातात आलं. सेव्हिल आणि कोर्दोबाच्या मध्ये एसिहा नावाचं गाव आहे, त्याला तिकडं आंदालुसियाचा तवा म्हणतात, हे ऐकून तर आमच्याकडं ते गाव जवळचंच कुणी असल्यासारखं वातावरण झालं. कन्येनं तेवढ्यात सांगितलं की २०२५ च्या जूनमध्येही उएल्वा प्रांतात ४६ अंश झाले होते, म्हणजे ऑगस्टची वाट पाहायचीही गरज नाही. ह्यांनी "असू दे, असू दे" असा हात केला. पाहुण्याच्या मुलाला चांगले मार्क मिळाल्यावर करतात तसा.

सेव्हिल शहरानं तर २०२२ पासून उष्णतेच्या लाटांना, वादळांना देतात तशी नावं द्यायला घेतली. वर्णमालेच्या शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून पहिल्या लाटेचं नाव ठेवलं झोई. हेतू चांगला आहे. नाव असलं की माणूस धोका गांभीर्यानं घेतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाटेचं बारसं करतेत? आन् पाळना कोन हलवते?" आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या एकच नाव आहे, नवतपा. सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस. बाकी सगळा तो नुसता उन्हाळा.

शेजारी हा एक स्वतंत्र विभाग आहे. "स्पेन का? म्हणजे जिंदगी ना मिलेगी दोबारा!" असं प्रत्येकानं म्हटलं. २०११ च्या त्या सिनेमानं आपल्या लोकांना स्पेन दाखवला आणि त्यात टोमॅटोच्या मारामारीशिवाय दुसरं काही नाही अशी पक्की समजूतही करून दिली. ती मारामारी ब्युन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी होते, आम्ही तेव्हा नागपुरात टोमॅटोचा भाव विचारत असू, असं मी सांगत राहिले. दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. "पण हिचं बारावीचं वर्ष ना?" महाराष्ट्रात बारावीच्या वर्षी माणसानं श्वास घ्यायचा तोही क्लासच्या वेळापत्रकात बसेल असा. कन्येनं यावर स्वतःच उत्तर तयार केलं होतं. ती नम्रपणे म्हणायची, "काकू, मी आर्ट्सला आहे." त्यानंतर काकू स्पेनबद्दल काही विचारत नसत, आमच्याकडं करुणेनं पाहत.

शेंगेन व्हिसाचं प्रकरण थोडक्यात सांगण्यासारखं नाही, पण सांगते. आपल्याला त्या देशात जायचं आहे हे सिद्ध करायला फार कागद लागत नाहीत. आपण तिथून परत येऊ, हे सिद्ध करायला लागतात. बँकेची खातेवही, आयकराची विवरणपत्रं, ऑफिसचं रजेचं पत्र, मुलांसाठी दोन्ही पालकांची संमती, किमान ३०,००० युरोचं आरोग्य विमाकवच. सासूबाईंना हा संशयच समजेना. "घरदार टाकून तिथी राह्यलं कोन? कडू संत्र्यापायी?" शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो. युरोचे रुपये करायचे नाहीत, असा नियम कन्येनं घरात लावला होता, पण हे रात्री मोरीत तोंड धुताना पुटपुटायचे तेव्हा ऐकू यायचं. माणशी ९० गुणिले पाच गुणिले...

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, मागं पांढरं, चेहरा निर्विकार. चिरंजीवांचा पहिल्याच झटक्यात पास झाला. निर्विकार चेहरा ही तेराव्या वर्षानंतरची त्यांची नैसर्गिक अवस्थाच आहे, स्टुडिओवाल्यानं तर "वा, काय कंट्रोल आहे" म्हणून तारीफ केली. कन्येच्या फोटोला संध्याकाळ गेली. दिवसभरात स्वतःचे पन्नास फोटो काढणारी ही मुलगी, सरकारी फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसली की अचानक तिला कान असल्याचं लक्षात येतं. "हा फोटो तू फॅमिली ग्रुपवर टाकलास तर मी येणार नाही." मी टाकला नाही. ह्यांनी टाकला.

चिरंजीवांचा पासपोर्ट हा आणखी एक नमुना. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. हा काढला तेव्हा चिरंजीव नऊ वर्षांचे होते. फोटोत गोल गाल, पुढचा एक दात अर्धा उगवलेला आणि शाळेच्या भांगाला आजीनं लावलेलं तेल. आज समोर उभा आहे तो माणूस बापापेक्षा बोटभर उंच, आवाज विहिरीतून येणारा. "इमिग्रेशनवाला मला ओळखणार नाही, नवा काढू या," हा त्याचा घोषा. खरं कारण वेगळं. रांगेत बहीण मागं उभी असणार आणि पासपोर्ट उघडला जाणार. पासपोर्टाची मुदत परतीनंतर तीन महिने उरली असली की शेंगेनला चालतं, आणि ती उरत होती. नवा काढला नाही.

बारा वर्षांपुढच्या सगळ्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात. आमच्या वाट्याला मुंबईची तारीख आली. मे महिन्यातली विदर्भ एक्स्प्रेस, वेटिंगची तिकिटं, ती कन्फर्म व्हावीत म्हणून ह्यांनी केलेला जप, आणि ठसे घ्यायच्या काचेवर सासूबाईंची बोटं. काच काही दाखवेना. पुसली, बोटं पुसली, पुन्हा ठेवली. आयुष्यभर राखेनं भांडी घासली, चुलीतली भाकरी हातानं उलटली. त्या बोटांवर रेघा राहणार कुठून? शेवटी चौथ्या बोटाला यंत्र पावलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आधारच्या वक्ताले बी असंच झालं होतं. मी हाय का नाही याच्यावर सरकारले डाऊट हाये."

सामानावरून झालेलं युद्ध हे खरं तर सासूबाई विरुद्ध युरोपीय संघ असं होतं. त्यांनी काढलेल्या यादीत पहिलं नाव संत्रा बर्फीचं. त्यात खवा, आणि युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ पिशवीतून नेता येत नाहीत. बर्फी गेली. त्याच कलमाखाली साजूक तूप गेलं. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानालाच चालत नाही. त्यात तेल इतकं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आणि उलट, ताजी फळं-भाज्या न्यायला युरोपात रोगमुक्तीचा दाखला लागतो, पण ज्या पाच फळांना त्यातून सूट आहे त्यांत नारळ आहे. म्हणजे ओलं खोबरं युरोपला चालतं, सुकं विमानाला चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मंग नारळ घ्या आन् विमानात वाळवा."

सगळ्यांत मोठा घाव कांद्यानं दिला. आमच्याकडं उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायचा असतो. तो ऊन शोषून घेतो म्हणतात. शास्त्र काय म्हणतं ते सोडा, सासूबाईंच्या हयातीत या घरातलं कुणी कांद्याशिवाय मे महिन्यात फाटक ओलांडलेलं नाही. आणि दाखल्याशिवाय कांदा युरोपात जाईना. "स्पेनमध्ये कांदे मिळतात, आजी," कन्या म्हणाली. "पावशेर घेऊ उतरल्यावर." चिरंजीवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बर्नाबेऊच्या दारात, रेयाल माद्रिदची जर्सी घालून, खिशात कांदा! त्यांनी त्या दिवसापासून खिसे नसलेल्या चड्ड्या शोधायला सुरुवात केली.

जे जाऊ शकतं तेही कमी नाही. धपाटे, लसणाचा ठेचा, भाजके पोहे, आणि कैरीचा गर गुळात शिजवून केलेलं पन्ह्याचं सार, बाटलीत, मोठ्या बॅगेत. पॉवरबँका उलट, त्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, जवळ ठेवाव्या लागतात. मुलांना ते सांगावंच लागलं नाही. स्पेनमध्येही उन्हाचा तोडगा फार वेगळा नाही असं वाचून मला बरं वाटलं. टोमॅटो, काकडी, लसूण वाटून गार केलेलं गास्पाचो हे तिकडचं पन्हंच. आणि बोतिखो म्हणून बिनझिलईच्या भाजक्या मातीचा चोचीचा घडा असतो, पाणी झिरपत राहतं आणि आतलं गार होतं. म्हणजे माठ. हे फोटो मी सासूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "टोटी आहे. आपल्याले ओगराळं लागते." एवढं एक बाजूला ठेवलं तर संस्कृती एकच.

ह्यांचा आनंद निराळाच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वीज वाचवायला स्पेन सरकारनं दुकानं, कार्यालयं, थिएटरं यांतला एसी २७ अंशांखाली नेऊ नये असा हुकूम काढला होता. आमच्या घरी एसीच्या रिमोटवरून २६ की २२ हा वाद रोज रात्री चालतो. "बघा, सरकार!" म्हणून ह्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचली. तो हुकूम पुढं संपला, हे चिरंजीवांनी शोधून काढलं आणि रिमोट उचलला.

आता वेळापत्रकाचं. आमचे हे हिंगण्याच्या एमआयडीसीत उत्पादनाचं नियोजन बघतात, त्यामुळे सहलीची एक्सेल शीट कारखान्याच्या शिस्तीत झाली. सहाला उठणं. सातला नाश्ता. साडेसातला प्रस्थान. दुपारी एक ते चार विश्रांती, 'उष्म्यामुळे' असं कंसात. चारला, 'ऊन उतरल्यावर', शहरफेरी. साडेसातला जेवण. दहाला दिवे बंद. कुटुंबाच्या ग्रुपवर ही शीट गेली आणि तीन तास काहीच झालं नाही, कारण मुलांनी ग्रुप म्यूट केला होता. मग कन्येनं ती उघडली आणि लाल रंग घेऊन बसली.

चारला ऊन उतरत नाही, हा तिचा पहिला मुद्दा. स्पेनचं घड्याळ सूर्याला जुमानत नाही. भूगोलानं तो देश लंडनच्या रांगेत बसतो, पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत काटे तासभर पुढं केले ते परत मागं आलेच नाहीत. त्यात उन्हाळ्यासाठी आणखी एक तास पुढं. त्यामुळे जूनमध्ये सेव्हिलला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोन-अडीचला, सर्वांत तापतं संध्याकाळी पाच-सहाला आणि मावळतो पावणेदहाच्या सुमाराला. ह्यांनी शहरफेरी जिथं टाकली होती, तिथं सेव्हिलची माणसं पडदे ओढून पडलेली असतात. रस्त्यांवर ताडपत्र्या ताणतात, घरं पांढरी, गल्ल्या अरुंद, आणि जेवण साडेनऊ-दहाला. साडेसातला तुम्हाला तिथं जेवण नाही, फार तर चहा मिळेल, आणि तोही बहुधा कॉफीच असेल.

दुसरा मुद्दा तिनं जरा घसा खाकरून मांडला. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवतं. आम्ही आळशी नाही, आमचं शरीर उशिराचं आहे. हे ती इतकी वर्षं नागपुरात सांगत होती, इथं कुणी ऐकलं नाही. स्पेनमध्ये एक अख्खा देश याच वेळेला चालतो. "बाबा, आम्ही दोघंच या घरात आधीपासून स्पेनच्या टाइमवर आहोत. तुम्ही उगाच आम्हाला भारतात उठवत होता." मुद्दा बिनतोड होता, हे मला कबूल करावं लागेल. मे महिन्यात दुपारी एकला उठून पहाटे चारला झोपणारी मुलं पाहून मी आजवर जेवढं डोकं फोडलं, त्याला भूगोलात एवढा आधार असेल असं वाटलं नव्हतं.

अडचण सासूबाईंची. त्या पहाटे साडेचारला उठतात, उन्हाळ्यात चारला. पूजा, चहा, अंगणात पाणी. त्यांच्याही बाजूनं ऊनच आहे. सगळं काम उन्हं वर यायच्या आत उरकावं, हे विदर्भातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. कोर्दोबाची मशीद, जिचं पुढं कॅथीड्रल झालं, ती सकाळी साडेआठला उघडते आणि रविवार सोडून पहिल्या तासाला तिकीट लागत नाही. आत साडेआठशेवर खांब, बाहेर अंगणात संत्र्यांच्या रांगा. फुकट आणि संत्री! सासूबाई साडेआठला नव्हे, साडेसातलाच दारात उभ्या राहणार होत्या. आणि ग्रनाडाला अल्हाम्ब्रातल्या नास्रिद राजवाड्यांची तिकिटं उन्हाळ्यात रात्री दहाचीही असतात. कन्येनं ती लाल अक्षरात टाकली होती.

हे डोकं धरून बसले. चारला उठणारी एक आई, चारला झोपणारी दोन मुलं. सोडवलं चिरंजीवांनी, तेही फोनवरून डोळे न काढता. "बाबा, तुमच्या कंपनीत शिफ्ट असतात ना? मग?"

पाच मिनिटांत शीट नव्यानं झाली. सकाळची पाळी सासूबाई आणि मी: पहाट, बाजार, चर्चं, संत्र्यांची अंगणं, जे जे उन्हाच्या आधी. रात्रीची पाळी मुलं आणि हे: अल्हाम्ब्रा, नदीकाठ, आइस्क्रीम, आणि रात्री अकराला अजूनही खेळणारी तिथली पोरं. अल्हाम्ब्राच्या तिकिटावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो आणि नास्रिद राजवाड्यांची वेळ चुकली की आत सोडत नाहीत, म्हणून त्या एका रात्रीसाठी मला ओव्हरटाइम लावला आहे. बर्नाबेऊ एसी स्टोअरसकट भर दुपारी, कारण तिथून चिरंजीव तसेही बाहेर येणार नाहीत. एरवी दोन्ही पाळ्यांच्या मध्ये, दुपारी दोन ते सात, सगळे हॉटेलात. पडदे ओढलेले, एसी कितीवर हे अजून ठरायचंय.

म्हणजे एवढा खर्च करून आम्ही सहकुटुंब परदेशी जाणार आणि सहकुटुंब असू ते झोपेत. पण मी शीट पुन्हा पुन्हा पाहिली, आणि खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत आम्ही पाचही जणं एका वेळी एका खोलीत पाच तास असल्याचं मला आठवत नाही. नागपुरात प्रत्येकाचा कूलर वेगळा आहे.

तेव्हा सर्व नातेवाइकांना, विशेषतः पुण्याच्या, नम्र विनंती. स्पेनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. त्यांचे दुपारचे दोन ते सात म्हणजे आपले संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा. या वेळात "पोचलात का, ऊन कसं आहे?" असं विचारायला कृपया फोन करू नका. ऊन कडक असेल. आम्ही झोपलेले असू.